सवय लागली होती, मग पुन्हा चड्डीत का?

शी-शू सांगायची सवय लागली, डायपर सुटलं, सगळे निर्धास्त झाले आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, अशी पत्रं या खेपेला इतकी आली की सगळी पानं त्यालाच द्यायची ठरवली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. त्या पत्रातला गैरसमज बाकीच्या पत्रांतही डोकावतो, म्हणून ते सगळ्यांनीच वाचावं.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. तीन वर्षांचा व्हायच्या आधीच शी-शू सांगायला लागला होता. गेले काही महिने मात्र रोज चड्डीला शी लागलेली असते. कधी नुसता डाग, कधी पातळ शी. विचारलं की म्हणतो, "मला कळलंच नाही." शेजारी बसलेल्याला वास येतो, पण याला पत्ता नसतो. जुलाब समजून ते थांबवायचं औषधही मी देऊन पाहिलं. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो, दोन फटके द्या म्हणजे ताळ्यावर येईल. परवा मी खरंच मारलं. आता तो भरलेल्या चड्ड्या कपाटामागे लपवून ठेवतो. आमचं कुठे चुकलं? – एक आई

उत्तर : तो खरं बोलतोय. त्याला कळत नाही. हे आधी तुम्ही मनापासून माना आणि मग सासूबाईंना सांगा. जुलाब थांबवायचं औषध मात्र आजपासून पूर्ण बंद.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे आणि मला नेमकी तीच विचारायची आहे. त्याला नीट, पोट मोकळं होईल अशी शी शेवटची कधी झाली? बहुतेक घरी या प्रश्नावर आई-बाबा एकमेकांकडे बघतात. मूल स्वतः संडासला जायला लागलं की आपण बघणं सोडून देतो, ते साहजिकच आहे. आठवून बघा. तीन-चार दिवसांतून एकदा जातो का? गेला की इतकी मोठी शी होते का, की फ्लश केल्यावरही ती अडकून राहते? त्याआधी एक-दोन दिवस जेवण कमी होतं का, चिडचिड वाढते का? उत्तर "हो" असेल तर हा जुलाब नाही, बद्धकोष्ठता आहे. सवय लागलेल्या मुलाची चड्डी पुन्हा शीने खराब व्हायला लागते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

आत काय होतं ते सांगते. गुदाशयात शी उतरली की त्याची भिंत ताणली जाते आणि "लागली आहे" ही जाणीव होते. गुदद्वाराशी दोन स्नायू असतात. आतला आपोआप सैल पडतो, बाहेरचा आपण इच्छेने आवळू शकतो. मूल हा बाहेरचा स्नायू आवळून बसलं तर शी मागे सरकते आणि लागल्याची भावना थोड्या वेळाने विरते. पण शी तिथेच असते. आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती कडक होत जाते आणि मागून नवी येऊन साठते. आठवड्यांमागून आठवडे असंच चाललं की गुदाशय सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा होतो. थोड्याफार शीने तो ताणलाच जात नाही, म्हणून जाणीवही होत नाही. मग वरून येणारी पातळ शी त्या घट्ट गोळ्याच्या कडेने वाट काढते आणि चड्डीत झिरपते. तुम्हाला दिसतो जुलाब आणि आत असतो खडा. वासाचं म्हणाल तर सतत नाकाशी असलेल्या वासाची नाकाला सवय होते. शेजारच्याला येतो आणि त्याला येत नाही, हे म्हणूनच शक्य आहे.

सुरुवात बहुधा अगदी साध्या गोष्टीने होते. ताप येऊन जातो, पाणी कमी प्यायलं जातं, शाळा नवी असते किंवा प्रवासात जागा बदलते. एकदा शी कडक होते, दुखतं, कधी बारीकशी चीर पडून रक्ताचा थेंबही दिसतो. मुलाचा हिशेब सरळ असतो : शी केली की दुखतं, तर करायचीच नाही. या वेळचं मूल एकदा नीट बघून ठेवा. खेळता खेळता अचानक गप्प होतं, पडद्यामागे किंवा दाराआड जाऊन उभं राहतं. चवड्यांवर चढतं, पाय एकमेकांत अडकवतं, ढुंगण आवळलेलं, चेहरा लालबुंद, एका हाताने पलंगाची कड घट्ट धरलेली. बघणाऱ्याला वाटतं, जोर करतंय बिचारं, पण होत नाही. तो जोर शी बाहेर काढायला नसतो, आत धरून ठेवायला असतो. मिनिटभराने ते सैल पडतं आणि पुन्हा खेळायला धावतं. लाट ओसरलेली असते, शी आतच असते.

आता उपाय. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि चड्डीतल्या शीबद्दल मोकळेपणाने सांगा. अनेक पालक फक्त "भूक लागत नाही" एवढंच सांगून परत येतात. डॉक्टर पोट चाचपून बघतील. आधी साठलेला खडा काढावा लागतो आणि मग पुन्हा साठू नये म्हणून रोज शी मऊ ठेवणारं औषध द्यावं लागतं. त्यासाठी बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोज देतात, मुलाच्या वजनानुसार. ही औषधं आतड्यातलं पाणी धरून ठेवतात आणि शी मऊ राहते. "सवय लागेल", "आतडं आळशी होईल" ही भीती मी रोज ऐकते. या औषधांची सवय लागत नाही. नुकसान होतं ते औषध लवकर सोडल्याने. पंधरा दिवस चड्डी स्वच्छ राहिली की घरचे औषध थांबवतात आणि महिन्याभरात सगळं मूळपदावर येतं. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत हे औषध निदान 2 महिने द्यावं आणि सगळी लक्षणं जाऊन किमान 1 महिना झाल्याशिवाय कमी करायला घेऊ नये, तेही हळूहळू, असं स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या मुलाला याहून जास्त महिने लागू शकतील. ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. तुमची चिकाटी लागणार आहे ती इथे.

औषधाच्या जोडीला बैठक. जेवणानंतर आतडं आपोआप हलायला लागतं, त्याचा फायदा घ्यायचा. सकाळच्या आणि रात्रीच्या खाण्यानंतर अर्ध्या तासाच्या आत 5 ते 10 मिनिटं बसवा, त्याहून जास्त नको. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. पाय लोंबकळत असतील तर मोठ्या माणसालाही जोर करता येत नाही. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत. मुठीत फुंकर मारायला सांगा, त्याने पोटाला आपोआप जोर मिळतो. आणि शाबासकी द्यायची ती बसल्याबद्दल. शी झाली नाही तरी तितकीच. शी होणं त्याच्या हातात नाही, बसणं आहे.

पाणी, फळं, भाज्या हव्यातच, दुधाचे पेल्यावर पेले होत असतील तर ते कमी करा. पण आत खडा बसलेला असताना नुसत्या आहाराने तो निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

राहिल्या लपवलेल्या चड्ड्या. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आज रात्री त्याला जवळ घेऊन सांगा, "तुझ्या पोटात शी अडकून बसली आहे, म्हणून तुला कळत नाही. तुझी चूक नाही. आपण डॉक्टरांकडे जाऊन बरं करू." बाथरूममध्ये एक छोटी बादली ठेवा आणि चड्डी खराब झाली की तिथे टाकायला सांगा. बदलताना त्याने मदत करावी, पण ती शिक्षा म्हणून नाही आणि त्या वेळी तोंडाने एक शब्दही नको. फटक्याने भीती वाढते, भीतीने तो आणखी आवळतो आणि आणखी साठतं.

जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला 48 तासांहून जास्त वेळ लागला असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, पाय लुळे पडत असतील किंवा चाल बदलली असेल, कमरेखाली पाठीच्या कण्यावर खळगा किंवा केसांचा झुपका असेल, तर डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगा. ती कारणं क्वचित असतात, पण त्यांचा शोध वेगळ्या तपासण्यांनी घ्यावा लागतो.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा होईल. शू कमोडमध्ये करतो, पण शी आली की डायपर मागतो, घालून कोपऱ्यात जातो, करतो आणि काढायला सांगतो. डायपर दिलं नाही तर दोन-दोन दिवस करत नाही. द्यायचं बंद करावं का? – एक बाबा

उत्तर : नाही. डायपर द्या. शी कोंडून धरण्यापेक्षा डायपरमध्ये केलेली बरी, कारण कोंडण्याची परिणती काय होते ते वरच्या उत्तरात वाचलंतच. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे पाचातल्या एका मुलाने शू कमोडमध्ये, पण शीला मात्र नकार, असं निदान महिनाभर केलेलं आढळलं होतं. तुमचं मूल जगावेगळं नाही.

आधी शी मऊ आहे ना ते पक्कं करा. मग जागा थोडी थोडी बदलत न्या. डायपर हवं तर घालू, पण बाथरूममध्ये उभं राहून. काही दिवसांनी डायपर घालूनच कमोडवर बसून. मग डायपर सैल, मग नुसतं कमोडवर पसरलेलं. पुढच्या पायरीवर अडला तर कुरकुर न करता मागच्या पायरीवर या. टी. बेरी ब्राझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये हजाराहून अधिक मुलांच्या नोंदींच्या आधारे मांडलं होतं, की सवय मुलाच्या तयारीने लावावी, आपल्या घाईने नाही. माझा इतक्या वर्षांचा अनुभवही तसाच आहे.

प्रश्न : मुलगी सव्वातीन वर्षांची. सहा महिने एकदाही चड्डी ओली झाली नव्हती. धाकटा भाऊ घरी आला आणि आता दिवसातून तीन-चारदा शू होते. "मलापण बाळासारखं डायपर घाल" म्हणते. तिचे लाड पुरवले तर सवय कायमची मोडेल, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. – एक आई

उत्तर : घरच्यांचं मत तुम्ही नम्रपणे बाजूला ठेवा. तिला डायपर नको आहे, डायपर बदलताना तुम्ही बाळाकडे जे बघता, बोलता, हसता ते हवं आहे. तिने मागितलं तर एखाद-दोनदा घालून द्या, चेहऱ्यावर काही न आणता. बहुतेक मुलांना ते फार वेळ आवडत नाही. "एवढी मोठी ताई झालीस आणि" हे वाक्य मात्र घरात कोणीच उच्चारू नये. ताई होण्याची किंमत म्हणून आई गेली असं तिला आधीच वाटतंय. दिवसातली वीस मिनिटं बाळ दुसऱ्याकडे देऊन फक्त तिच्यासोबत बसा, रोज, ठरलेल्या वेळी. शूला नेताना "चल, आपण दोघी जाऊन येऊ" म्हणा. सतत "लागली का? लागली का?" विचारू नका, दोन-अडीच तासांनी सहज न्या.

एक गोष्ट मात्र मनाच्या कारणांवर सोडून देऊ नका. बाळ आलं आणि त्याच सुमाराला लघवीचा जंतुसंसर्गही झाला, असं होऊ शकतं. म्हणून एकदा लघवी तपासून घ्याच. शू करताना रडते, शूला वेगळा वास येतो किंवा कारण न सापडणारा ताप आहे, असं असेल तर लगेच. आणि तिचीही शी रोज होते का बघा. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयाला दाबतो, त्यामुळे शू सुटते, हे फार कमी घरांत माहीत असतं.

प्रश्न : नातू साडेपाच वर्षांचा आहे. दिवसा सगळं व्यवस्थित, पण रात्री अंथरूण आजवर कधीच कोरडं राहिलं नाही. सूनबाई रात्री दोनदा उठवून नेते, मुलगा सकाळी त्याला ओरडतो. आमच्या वेळी असं नव्हतं. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, मुलाला जवळ बोलावून विचारा, तो स्वतः किती वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करत होता. किंवा आजींना विचारा, त्यांना आठवत असेल. ही गोष्ट घराण्यात चालते. आई किंवा वडील यांच्यापैकी एकालाही लहानपणी असं असेल तर मुलात शक्यता बरीच वाढते. 5 वर्षांच्या मुलांपैकी जवळपास 15 टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात आणि दरवर्षी त्यांतली साधारण 15 टक्के आपोआप कोरडी होतात. झोपेत मेंदू एक संप्रेरक सोडून लघवी कमी बनवतो, मूत्राशय भरल्यावर झोपेतून जागं करतो. या दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या वेळेने जुळून येतात. ओरडून त्या लवकर येत नाहीत.

रात्री उठवल्याने गादी वाचते, मूल शिकत नाही. सूनबाईंची झोप तरी वाचवा. गादीवर प्लास्टिकचं आवरण घाला, सकाळी आणि दुपारी भरपूर पाणी पाजा म्हणजे संध्याकाळी तहान आपोआप कमी होईल, झोपताना शूला न्या, पोट साफ ठेवा. सहा-सात वर्षांनंतरही राहिलं आणि त्याला स्वतःला त्याचा त्रास वाटू लागला, तर ओलसरपणा लागताच वाजणारा अलार्म आणि काही मुलांसाठी औषध असे चांगले उपाय आहेत.

निदान सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर ते प्रकरण निराळं. त्यातही सारखी तहान, सारखी शू आणि वजन उतरणं असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांमधला मधुमेह असा सुरू होतो आणि त्यात थांबून चालत नाही.

प्रश्न : साडेचार वर्षांची मुलगी शाळेतून येताना वाटेत किंवा दारातच शू करते. शाळेत विचारलं तर "तिने सांगितलंच नाही" म्हणतात. घरी शू करून आल्यावरही पाच मिनिटांत चड्डी ओली असते. – एक आई

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. शू करून आल्यावर लगेच जी ओल दिसते, ती बहुधा आत अडकलेली शू असते. लहान मुली चड्डी गुडघ्यापर्यंतच ओढून मांड्या मिटून बसतात, थोडी शू योनिमार्गात मागे जाते आणि उभं राहिल्यावर ठिबकते. चड्डी पूर्ण खाली घोट्यापर्यंत किंवा काढूनच ठेवायची, पाय टेकवून मांड्या फाकवून बसायचं, किंचित पुढे वाकायचं आणि घाई न करता शेवटचा थेंब पडू द्यायचा. पुसताना पुढून मागे. बऱ्याच मुलींचं एवढ्यानेच भागतं. पण चड्डी दिवसभर सतत ओलसर राहत असेल, शू झाल्यानंतरची वेळ असो वा नसो, तर डॉक्टरांना दाखवा.

शाळेचं निराळं. ती दिवसभर शू दाबून धरते आहे. मध्येच खाली बसून टाच मांड्यांच्या मध्ये घट्ट दाबून धरते का, बघा. 1966 मध्ये व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी या बसण्याची नोंद केली आणि आजही आम्ही ती खूण मुद्दाम विचारतो. चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 150 मिली मावतं. शाळेचे चार-पाच तास दाबल्यावर घराचं दार दिसताच सुटणं यात तिचा काही दोष नाही.

तिला विचारा, पण "का जात नाहीस" असं नको. "शाळेतली बाथरूम कशी आहे, मला सांग ना" असं विचारा. दार आतून लावता येत नाही, लावलं तर उघडत नाही, फ्लशचा आवाज मोठा येतो, फरशी ओली असते, मुलं दार ढकलतात, सगळ्यांसमोर हात वर करून विचारावं लागतं, यांपैकी काहीतरी निघेल. एक दिवस शाळेत स्वतः जाऊन ती जागा बघून या. मग बाईंना विनंती करा की ठरावीक वेळेला, मधल्या सुट्टीत एकदा आणि सुटण्याआधी एकदा, तिला न विचारता पाठवावं, आणि मध्ये लागली तर विचारायची गरज पडू नये म्हणून एखादी खूण ठरवावी. दप्तरात जादा चड्डी आणि पिशवी ठेवा, तिला दाखवून ठेवा. पाणी कमी पाजू नका. शाळेत शू येऊ नये म्हणून पाणी तोडणाऱ्या आया मला नेहमी भेटतात, त्याने लघवी दाट होते, जळजळते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

एवढं करून महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा शूची धार बारीक, अडखळत येत असेल, तर लघवीची तपासणी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफी शू करण्याआधी आणि केल्यानंतर अशी दोन्ही वेळा करायला सांगा, म्हणजे आत किती उरते ते कळेल.